उघड्या दाराची प्रार्थना

१८९३ साली पुण्यात एका खोलीच्या दारावरून मोठे वादळ उठले. दार उघडे होते, एवढाच त्याचा दोष. शारदा सदन या विधवांसाठी काढलेल्या शाळेच्या संचालिका पंडिता रमाबाई आपली कन्या मनोरमा हिला घेऊन आपल्या खोलीत बायबल वाचीत आणि प्रार्थना करीत. त्या वेळी दार लावून घेण्याची त्यांची रीत नव्हती. हळूहळू शाळेतील काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसू लागल्या. शाळेत कोणत्याही धर्माची शिकवण दिली जाणार नाही, या अटीवर तर पालकांनी आपल्या लेकीसुना तेथे पाठविल्या होत्या. मग संचालिकेच्या खोलीतील प्रार्थना ही तिची खासगी बाब मानायची की शाळेची? साऱ्या पुण्यात हा प्रश्न गाजला.

रमाबाईंचे नाव आपल्याला स्त्रीशिक्षणाच्या इतिहासातून परिचित आहे. संस्कृत विदुषी, आर्य महिला समाजाच्या संस्थापक, केडगावच्या मुक्ती मिशनच्या जननी ही त्यांची ओळख पाठ्यपुस्तकांतूनही होते. परंतु या साऱ्या कार्याच्या तळाशी असलेला त्यांचा प्रार्थनेचा नित्यनेम कसा घडला, ही हकिगत मात्र फारशी सांगितली जात नाही. तो एका दिवसात घडला नाही, आणि बाप्तिस्म्याने तर मुळीच घडला नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे व्युत्पन्न पंडित होते. स्त्रीला संस्कृत शिकविण्याचा अधिकार आहे, असे मानून त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, स्वतः शिकविले आणि त्यापायी समाजाचा रोष पत्करला. पुढे लक्ष्मीबाईंनी रमेला शिकविले. दिवसभर घरच्या आणि आल्यागेल्याच्या कामातून त्यांना सवड मिळत नसे. म्हणून त्या पहाटेच, पाखरांची किलबिल सुरू होण्याच्या वेळेस, लेकीला जागे करीत आणि मांडीवर घेऊन श्लोक सांगत. बाराव्या वर्षापर्यंत भागवताचे अठरा हजार श्लोक रमेला मुखोद्गत झाले. दिवस उजाडण्यापूर्वीची वेळ ही मनाच्या मशागतीची वेळ, हा संस्कार त्यांना आईकडून मिळाला आणि तो अखेरपर्यंत टिकला.

घराणे कर्मनिष्ठ होते. तीर्थाटन, स्नानसंध्या, उपासतापास, पुराणकथन यांतच कुटुंबाचे आयुष्य चालले होते. १८७० नंतरच्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा या कुटुंबाची शिल्लक पूजाअर्चेत आणि दानधर्मात संपली. मोलमजुरी करण्याची सवय नव्हती आणि भीक मागण्याची लाज वाटत होती. पाला आणि पाणी यांवर दिवस काढण्याची पाळी आली. वडील गेले, मागोमाग आई गेली, मग थोरली बहीण. रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास हे दोघेच उरले आणि अनवाणी, अर्धपोटी देशभर हिंडत राहिले. ज्या नित्यकर्मांत कधी खंड पडू दिला नव्हता, त्यांच्याकडून उत्तर आले नाही, ही जाणीव रमाबाईंच्या मनात खोलवर रुतून बसली. नेम पाळला म्हणजे देव पावतो, हा हिशेब त्यांच्यापुरता तेथेच मिटला.

१८७८ साली ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंना पंडिता आणि सरस्वती या पदव्या देऊन गौरविले. १८८० मध्ये श्रीनिवास वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म झाला आणि १८८२ च्या आरंभी पटकीने पतीचे निधन झाले. तेवीस वर्षांची ही विधवा तान्ह्या मुलीला घेऊन पुण्यास आली, तेथे आर्य महिला समाज स्थापन केला आणि १८८३ मध्ये इंग्लंडला रवाना झाली. वैद्यकीय शिक्षण घेण्याचा बेत होता. पण श्रवणदोषामुळे तो सोडून द्यावा लागला.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. तेथील भगिनींच्या मठात घंटा वाजली की उपासना, ठरलेल्या वेळी ठरलेली प्रार्थना, असा शिस्तीचा दिनक्रम होता. लहानपणापासून नित्यनेमात वाढलेल्या रमाबाईंना त्यात नवखे वाटण्याजोगे काही नव्हते. मात्र श्रद्धेच्या बाबतीत दुसऱ्याने सांगितले म्हणून मान तुकविणे त्यांच्या स्वभावात बसत नव्हते. त्रैक्याचा सिद्धांत, चर्चचा अधिकार यांवर त्यांनी आपल्या गुरुभगिनी सिस्टर जेराल्डीन यांच्याशी पत्रांतून कडाक्याचा वाद घातला. भगिनींना त्यात अहंकार दिसला. रमाबाईंच्या दृष्टीने तो प्रामाणिकपणाचा प्रश्न होता. आपल्याला पटलेले नाही ते देवासमोर उच्चारणे त्यांना शक्य नव्हते.

१८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या, तेथे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर पुस्तक लिहिले आणि बोस्टनमध्ये स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनच्या पाठबळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केले. पुढल्याच वर्षी ते पुण्यास आणले. पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झालेल्या गोदूबाई या सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी होत.

याच काळात त्यांच्या अंतरंगात एक बदल घडला. बाप्तिस्मा घेऊन आठ वर्षे झाली तरी आपल्याला ख्रिस्ती धर्म तेवढा मिळाला, ख्रिस्त मिळाला नाही, अशी कबुली त्यांनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात दिली आहे. १८९१ च्या सुमारास विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आले. हा उपदेशकही दीक्षा घेऊन, व्यासपीठावर उभे राहून बरीच वर्षे लोटल्यावर जागा झाला होता. रमाबाईंना त्यात स्वतःचे प्रतिबिंब दिसले. त्यानंतर त्यांची प्रार्थना बदलली. पाठांतराची जागा बोलण्याने घेतली. मनातली शंका, शाळेची अडचण, एखाद्या मुलीचे दुखणे हे सारे तिच्यात येऊ लागले. वेळ मात्र तीच राहिली, आईने लावून दिलेली.

पुण्यातील वाद नेमका या टप्प्यावर उसळला, हे ध्यानात घ्यायला हवे. ज्या वस्तूसाठी आठ वर्षे वाट पाहिली ती हाती आली, आणि लगेच तिची किंमत मागितली गेली. सल्लागार मंडळातील न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर हे सुधारक त्यांचे हितचिंतक होते. या शाळेत मुली पाठवा, असे त्यांनी सनातनी समाजाला स्वतःच्या शब्दावर सांगितले होते. तेव्हा त्यांची कुचंबणाही खरी होती. रमाबाईंचे म्हणणे असे की, मुलींना आपापल्या धर्माप्रमाणे वागण्याची पूर्ण मोकळीक आहे, तशीच मोकळीक मला माझ्या खोलीत असावी; कोणाला मी बोलावीत नाही आणि आलेल्याला हाकलणारही नाही. दार लावून घेतले असते तर वाद कदाचित शमला असता. त्यांनी ते लावले नाही. ऑगस्ट १८९३ मध्ये मंडळाने राजीनामा दिला, ‘केसरी’ने झोड उठविली, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. कोणाची बाजू बरोबर होती, यावर आजही मतभेद होऊ शकतात. रमाबाईंच्या बाबतीत एवढे निश्चित, की दुसऱ्या दिवशीही त्या पहाटे उठल्या आणि प्रार्थनेस बसल्या.

पुढील काही वर्षांत लोणावळ्याच्या माळावर ख्रिस्ती लोकांचे शिबिर भरले होते. रमाबाई तेथे गेल्या असता एके दिवशी अंधारातच उठून रानातल्या एकांत जागी जाऊन बसल्या आणि सूर्य वर येईपर्यंत प्रार्थना करीत राहिल्या. त्या वेळी त्यांच्या सदनातील पंधरा मुली ख्रिस्ती झाल्या होत्या. या पंधरांचा वर्ग, म्हणजे दोनशे पंचवीस, व्हावा असे मागणे त्यांनी मागितले. लवकरच १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात जाऊन त्यांनी शेकडो उपाशी, निराधार मुली व स्त्रिया आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून त्यांना केडगावच्या शेतावर ठेवले. मागितलेला आकडा केव्हाच मागे पडला. दुष्काळातील निराधारांना ख्रिस्ती केले जाते, हा आक्षेप त्या वेळी झाला आणि नंतरही होत राहिला. मात्र स्वतःच्या आईबापांना भुकेने मरताना पाहिलेली ही बाई त्या मुलींकडे कोणत्या डोळ्यांनी पाहत असेल, हेही विसरून चालत नाही.

१९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर केडगावची वस्ती जवळपास दोन हजारांवर गेली. एवढ्या तोंडांना रोज अन्न कोठून आणायचे? इंग्लंडातील ब्रिस्टल येथे हजारो अनाथ मुलांना सांभाळणाऱ्या जॉर्ज म्युलर यांचे चरित्र रमाबाईंनी वाचले होते. कोणापुढे हात न पसरता गरज देवापुढे मांडायची, ही म्युलर यांची रीत त्यांनी स्वीकारली. पण त्या प्रार्थनेवर विसंबून स्वस्थ बसल्या नाहीत. विहिरी खणल्या, फळबाग लावली, हातमाग, तेलघाणा, छापखाना सुरू केला. केडगावात गुडघे टेकण्याची आणि कुदळ धरण्याची वेळ एकाच वेळापत्रकात होती.

जानेवारी १९०५ मध्ये त्यांनी मुलींना विचारले, की रोज माझ्याबरोबर प्रार्थनेस कोण येईल? सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत ती संख्या पाचशेच्या वर गेली आणि महिनाअखेरीस मुक्तीमध्ये तो प्रसिद्ध धार्मिक उमाळा सुरू झाला. रडणे, मोठ्याने पापे कबूल करणे, शेकडो कंठांनी एकाच वेळी प्रार्थना करणे पाहून बाहेरचे लोक, काही मिशनरीदेखील, बिचकले. रमाबाई स्वतः संयमी, अभ्यासू वृत्तीच्या. तरीही त्यांनी मुलींना आवरले नाही. ज्या बाईने आपली प्रार्थना इतरांच्या साच्यात घालण्यास नकार दिला होता, तिने आपला साचा मुलींवर लादला नाही.

आयुष्याची शेवटची सुमारे दीड तपे रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून बायबलचे मराठी भाषांतर करण्यात घालविली. खेड्यातील अल्पशिक्षित बाईलाही वाचता यावे, अशी सोपी भाषा त्यांना हवी होती. खिळे जुळविण्याचे काम मुक्तीतल्याच स्त्रियांनी केले. जुलै १९२१ मध्ये मनोरमा वारली. उघड्या दाराच्या त्या खोलीत आईशेजारी बसणारी ही लेक चाळीस वर्षांची होऊन, संस्थेचा भार उचलून, आईच्या आधी गेली. रमाबाईंनी काम थांबविले नाही. भाषांतर हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांनी देह ठेवला. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये छापून बाहेर आले.

उपासनेत सातत्य कसे राखावे, हा प्रश्न कोणत्याही धर्माच्या माणसाला पडतो, आणि धावपळीच्या शहरात तो अधिकच पडतो. रमाबाईंच्या चरित्रात त्यावर एखादी युक्ती सापडत नाही. दुष्काळाने तुटलेला, वाँटेजमध्ये उसना मिळालेला आणि पुण्यात पणाला लागलेला असा हा नेम होता. प्रत्येक वेळी त्यांनी तो पुन्हा हाती घेतला, आईने जागे केलेल्या त्याच पहाटेच्या प्रहरी.