तारेने बांधलेली मोटारसायकल

पेण सोडून वडखळमार्गे गोव्याच्या रस्त्याला लागले, की नागोठण्याच्या अलीकडे कासू लागते. या वाटेवर भर पावसात मोटारसायकल बंद पडली तर तुटलेला भाग तारेने आवळून पुढचे गॅरेज गाठायचे, हे कोकणात जाणाऱ्या पोरांना कुणी शिकवावे लागत नाही. पण देश परका, खिसा रिकामा आणि गावे शंभर शंभर मैलांवर असली तर? ज्याचे चित्र आपली तरुण मुले शर्टावर मिरवतात, त्या चे गव्हेराचे आयुष्य अशाच एका प्रवासात वळले.

अर्नेस्टो गव्हेरा १९२८ साली अर्जेंटिनातील रोसारिओ येथे जन्मला. लहानपणापासून दमा मागे लागलेला, तरी पायाला भिंगरी. १९५० साली सायकलला छोटे इंजिन बसवून तो एकटाच उत्तर अर्जेंटिना फिरून आला. जानेवारी १९५२ मध्ये, वैद्यकीच्या परीक्षा अर्धवट ठेवून, आल्बेर्तो ग्रानादो या मित्राबरोबर तो दक्षिण अमेरिका पाहायला निघाला. वाहन होते ग्रानादोची जुनी पाचशे सीसीची नॉर्टन. तिचे नाव ‘ला पोदेरोसा’, म्हणजे बलवान!

नाव बलवान, पण तब्येत तोळामासा. वाळूत आणि खडीत ती वरचेवर आडवी व्हायची. जिथे तारेने भागते तिथे स्क्रू कशाला, असे ग्रानादोचे शास्त्रच होते. त्यामुळे हळूहळू गाडीत लोखंडापेक्षा तारच जास्त झाली. चिलीमध्ये गिअरबॉक्स फुटला, उतारावर ब्रेकने दगा दिला. गावोगावचे मेस्त्री मदतीला धावले, अनोळखी घरांनी जेवू घातले, अग्निशामक दलाच्या जवानांनी आसरा दिला. अखेर गाडी ट्रकमध्ये घालून सांतियागोला न्यावी लागली आणि तिथेच सोडावी लागली.

गाडी गेली आणि खरा प्रवास सुरू झाला. पायी आणि मिळेल त्या ट्रकने जाताना चुकिकामाताच्या तांब्याच्या खाणीकडे निघालेले एक मजूर जोडपे भेटले. थंडीने गारठलेल्या त्या दोघांना त्यांनी आपले एक पांघरूण दिले. पेरूतील सान पाब्लोच्या कुष्ठधामात तो रुग्णांत हातमोजे न घालता वावरला. धुरळा उडवत निघून गेला असता, तर ही माणसे त्याला भेटली नसती.

पुढची कथा सर्वज्ञात आहे. १९५९ साली क्यूबात क्रांती यशस्वी झाली. ला काबान्याच्या किल्ल्यात त्याच्या अधिकाराखाली अनेकांना गोळ्या घातल्या गेल्या. त्याच्या चरित्रातले हे पान झाकून चालणार नाही. त्याच वर्षी तो दिल्लीत येऊन पंडित नेहरूंना भेटला. नंतर तो राष्ट्रीय बँकेचा अध्यक्ष झाला आणि नोटांवर नुसते ‘चे’ अशी सही करू लागला. आम्हा बँकवाल्यांना हे पचणे कठीणच! १९६१ मध्ये तो उद्योगमंत्री झाला. अमेरिकेने व्यापार तोडल्याने कारखान्यांना सुटे भाग मिळेनात, तेव्हा कामगारांनी ते आपल्या हातांनी घडवावेत, अशी मोहीम त्याने चालवली. आता अख्खा देशच तारेने बांधून चालवायचा होता.

मात्र ती तार टिकत होती ती वाटेवरच्या माणसांमुळे. १९६६ साली बोलिव्हियाच्या डोंगरात तो बंदूक घेऊन गेला. त्याच गरिबांसाठी गेला, पण तिथला एकही शेतकरी त्याच्या तुकडीत आला नाही. ९ ऑक्टोबर १९६७ ला ला इगेरा गावच्या शाळेत सैनिकांनी त्याला ठार केले. तेव्हा तो एकोणचाळीस वर्षांचा होता.