ऋण जाणणारा मल्ल : कै. खाशाबा जाधव

विद्यार्थिमित्रहो, थोर पुरुषांचीं चरित्रें वाचतांना त्यांनीं काय मिळविलें इकडे आपलें लक्ष सहज जातें. परंतु तें मिळवितांना त्यांना कोणीं हात दिला, आणि यश आल्यावर ते तो हात विसरले किंवा कसें, हें आपण क्वचितच पाहतों. ह्या अंकांत आम्ही ज्या मल्लाचा परिचय करून देत आहों, त्याच्या चरित्राचें सार ह्या दुसऱ्या प्रश्नांतच आहे.

आपल्या केज तालुक्यांतील कित्येक कुटुंबें दरसाल ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत कृष्णाकांठीं जातात. त्याच मुलखांत, कऱ्हाड शहराजवळ, गोळेश्वर नांवाचें एक लहानसें खेडें आहे. तेथें १५ जानेवारी १९२६ रोजीं खाशाबांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पांच भावांत धाकट्या असलेल्या ह्या मुलाला त्यांनीं लहानपणींच तांबड्या मातींत उतरविलें. शाळेचें शिक्षण कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलांत झालें. १९४२ च्या चळवळींत भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देण्याचें व त्यांचे निरोप पोंचविण्याचें काम ह्या तरुणानें केलें. पुढें ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजांत दाखल झाले. देहानें ते आडदांड नव्हते. त्यांचें खरें बळ चपळाईंत आणि डावपेंचांत होतें. प्रतिस्पर्ध्याची मान हातांत आवळून त्याला चीतपट करण्याचा ‘धाक’ हा डाव त्यांच्या विशेष हातचा होता.

१९४८ सालीं लंडन येथें ऑलिंपिक सामने भरले. कोल्हापूरच्या महाराजांनीं खर्चाचा भार उचलला व खाशाबा विलायतेस गेले. आखाड्याची माती हीच ज्याची शाळा, त्याला तेथें मऊ गादीवर व परक्या नियमांनीं झुंजावयाचें होतें. रीस गार्डनर ह्या परदेशी शिक्षकाच्या हाताखालीं त्यांनीं तयारी केली आणि ५२ किलो वजनाच्या गटांत सहावा क्रमांक मिळविला. एकादा संतुष्ट झाला असता. परंतु खाशाबांनीं तो पराभव समजून पुढील चार वर्षें मेहनत दुप्पट केली.

पुढील सामने १९५२ सालीं फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथें व्हावयाचे होते. आधीं देशांतील निवडीचाच अडथळा उभा राहिला. आपल्यावर अन्याय झाला असें वाटून खाशाबांनीं पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा लढत झाली, व तींत ते विजयी झाले. आतां प्रश्न उरला पैशाचा. गोळेश्वर व आसपासच्या गांवकऱ्यांनीं आपापल्या ऐपतीप्रमाणें वर्गणी जमविली; आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं तर आपलें राहतें घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. एका विद्यार्थ्यासाठीं गुरूनें आपल्या डोक्यावरचें छप्पर पणास लावावें, ह्याहून थोर गुरुदक्षिणा कोणती? ही दक्षिणा शिष्यानें गुरूला नव्हे, तर गुरूनें शिष्याला दिली!

हेलसिंकीस खाशाबा ५७ किलो गटांत उतरले. कॅनडाचा पोलिक्विन व मेक्सिकोचा बासुर्तो यांना त्यांनीं हरविलें. मग गांठ पडली जपानच्या शोहाची इशीशीं. हा इशी मूळचा ज्युदो ह्या जपानी मल्लविद्येंतला. महायुद्धानंतर तिच्यावर बंदी आल्यामुळें तो कुस्तीकडे वळला होता. ही झुंज बराच वेळ चालली व इशीची सरशी झाली. पुढें सुवर्णपदकही त्यानेंच नेलें. थकलेल्या खाशाबांना लगोलग सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव्हशीं लढावयास बोलाविण्यांत आलें. दोन लढतींमध्यें अर्ध्या तासाची विश्रांति देण्याचा नियम होता. पण त्यांची बाजू मांडावयास आपला एकही अधिकारी जवळ नव्हता. ती कुस्ती ते हरले. तरीही कांस्यपदक त्यांना मिळालें. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळांत मिळालेलें हें पहिलें ऑलिंपिक पदक होय.

ते परतले तेव्हां कऱ्हाडच्या स्टेशनावर शंभरांहून अधिक बैलगाड्या लोटल्या होत्या. वाजतगाजत त्यांना गांवीं नेण्यांत आलें. परंतु मिरवणुकीची धूळ खालीं बसतांच खाशाबांनीं जें केलें, तें आम्हांस पदकाहून मोलाचें वाटतें. त्यांनीं कुस्त्यांचे फड भरविले, त्यांत स्वतः लढून पैसा मिळविला, आणि गुरूचें गहाण पडलेलें घर सोडविलें.

१९५५ सालीं ते पोलीस खात्यांत फौजदार झाले व साहाय्यक पोलीस कमिशनरच्या हुद्द्यापर्यंत चढले. परंतु त्यांनीं जसें आपलें ऋण फेडलें, तसें देशानें त्यांचें फेडलें असें म्हणवत नाहीं. मान्यवर क्रीडासंस्थांना त्यांची आठवण फारशी उरली नाहीं. १४ ऑगस्ट १९८४ रोजीं रस्त्यावरील अपघातांत त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर पुष्कळ वर्षांनीं. दुसरें वैयक्तिक पदक आणावयास भारताला १९९६ पर्यंत, म्हणजे ४४ वर्षें, वाट पाहावी लागली. आणि महाराष्ट्राला तर २०२४ पर्यंत, कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसाळेनें नेमबाजींत कांस्य मिळवीपर्यंत, तब्बल ७२ वर्षें!

शुभवर्तमानांत दहा कुष्ठरोग्यांची कथा आहे. प्रभूनें दहाही जणांस बरें केलें; उपकार स्मरून परत आला तो एकच. खाशाबा त्या एकाच्या जातीचे होते. मुलांनो, तुमच्या वह्यापुस्तकांमागें कोणाच्या तरी हातचा कोयता, कोणाचें तरी गहाण पडलेलें डोरलें असेल. त्याची आठवण ठेवा. आणि पालकहो, मुलगा वा मुलगी मैदानावर रमली तर वेळ फुकट गेला असें मानूं नका. गोळेश्वरच्या गांवकऱ्यांनीं तसें मानलें असतें, तर हेलसिंकीस आपला तिरंगा त्या दिवशीं वर चढला नसता.