शीळ आणि अंगाई

बँकेच्या नोकरीत माझी १९८६ साली बदनापूरला बदली झाली. तेव्हा मनमाडहून काचीगुड्याकडे जाणारी गाडी मीटरगेजवरून धावत असे आणि औरंगाबाद सोडल्यावर, जालन्याच्या अलीकडे, हे स्टेशन लागे. शेतकऱ्यांना बदनापूर ठाऊक होते ते तिथल्या कडधान्य संशोधन केंद्रामुळे, तुरीच्या वाणांमुळे. माझ्या मनात मात्र ते गाव राहिले आहे एका क्लॅरिनेटमुळे. आणि त्या क्लॅरिनेटमुळेच सी. रामचंद्र हा माणूस मला, उशिरा का होईना, कळला.

गावात एक बँडपार्टी होती. तिचे मास्तर साठीच्या घरातले, बारीक चणीचे, पांढरी टोपी घालणारे. १९८८च्या लग्नसराईनंतर ते कर्जाचा अर्ज घेऊन आले. बारा हजार रुपये हवे होते. विजेवरचा एक कीबोर्ड (त्याला सगळे सरसकट कॅसिओच म्हणत), दोन कर्णे, बॅटरी आणि हे सगळे लादायला एक हातगाडी. तारण म्हणून जुनी पितळी वाद्ये. मी अर्ज वाचला आणि माझ्यातला रसिक माझ्यातल्या अधिकाऱ्याच्या डोक्यावर बसला. उभा जन्म ट्रम्पेट-क्लॅरिनेट वाजवलेल्या माणसाने त्या खेळण्यासारख्या पेटीच्या नादी लागावे, हे मला रुचले नाही. चौकशा काढत काढत मी तो अर्ज दीड महिना खणात ठेवला.

एका संध्याकाळी शाखा बंद होता होता मास्तर पुन्हा आले. बोलण्याबोलण्यात गाण्यांचा विषय निघाला. मी ऐटीत सांगून टाकले की, सी. रामचंद्र म्हणजे 'अनारकली'. बाकी ते 'अलबेला' वगैरे वरातीत नाचायला ठीक. मास्तरांनी वाद घातला नाही. पिशवीतून क्लॅरिनेटचे तुकडे काढले, जोडले आणि बँकेच्या ओट्यावर बसून 'अलबेला'तले एक गाणे वाजवायला सुरुवात केली. भगवानदादा हात झुलवत ज्यावर नाचले आणि तेव्हापासून सारा महाराष्ट्र ज्यावर नाचतो आहे, तेच. पण त्यांनी ते अगदी सावकाश वाजवले, ठेका न धरता. निम्मे गाणे होईपर्यंत मला ते ओळखूच आले नाही. ताशा नाही, बोंगो नाही, ट्रम्पेट नाही. उरली होती फक्त चाल. जात्यावर बसलेल्या बाईने सहज गुणगुणावी अशी, आपल्या मातीतली. मग मास्तरांनी तीच चाल लग्नातल्या लयीत वाजवली आणि क्लॅरिनेट पुसून पिशवीत ठेवला.

रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म १२ जानेवारी १९१८चा, पुणतांब्याचा. बदनापूरहून तिकडे जायचे तर मनमाडला उतरून दौंडकडची गाडी धरायची. गोदावरीकाठचे, चांगदेवांच्या समाधीचे हे गाव. गाण्याचे शिक्षण विनायकबुवा पटवर्धनांच्या गांधर्व महाविद्यालयात झाले, म्हणजे पाया पक्का, ग्वाल्हेरचा. पण पोराच्या मनात भरला होता सिनेमा, आणि तोही पडद्यावरचा. १९३५च्या 'नागानंद'मध्ये त्यांना थेट नायकाचे काम मिळाले. नायक म्हणून गाडी तिथून पुढे सरकली नाही. सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये किरकोळ भूमिका करता करता ते तिथल्या संगीत विभागात बुंदू खाँ, हबीब खाँ यांच्या हाताखाली शिरले. संगीतकार म्हणून पहिले काम मिळाले ते तामिळ चित्रपटांचे, 'जयक्कोडी' आणि 'वनमोहिनी'. पुणतांब्याच्या मुलाने तामिळ गाण्यांना चाली लावाव्यात, हा त्या काळच्या चित्रपटधंद्याचा खास कारभार! पुढे १९४२च्या 'सुखी जीवन'ने हिंदीत नाव दिले. तेव्हापासूनचे दोस्त भगवानदादा, म्हणजे भगवान आबाजी पालव.

नावेही किती! संगीतकार म्हणून सी. रामचंद्र, गाताना चितळकर, कुठे राम चितळकर, कुठे अण्णासाहेब, आणि जवळच्यांना नुसते अण्णा. एका माणसाने इतकी नावे का घ्यावीत, याचा मी कादंबरीकार म्हणून पुष्कळ विचार केला आहे. मला वाटते, त्यांना एकाच घरात राहणे जमत नव्हते.

१९४७ साली फिल्मिस्तानचा 'शहनाई' आला. दिग्दर्शक प्यारेलाल संतोषी, गाणीही त्यांचीच. नाव शहनाई, पण त्यातल्या रविवारच्या आमंत्रणाच्या गाण्यात गिटार, माउथ ऑर्गन, सॅक्सोफोन आणि चक्क शीळ! सभ्य घरातल्या मुलांनी घालू नये अशी ती शीळ तबकडीवर चढली आणि घराघरात पोचली. पाश्चात्त्य वाद्ये त्याआधी आपल्या चित्रपटांत नव्हती असे नाही. कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सच्या गाण्यांत पियानो होता, ऑर्गन होते. पण ती वाद्ये पाहुण्यासारखी, बूट बाहेर काढून बसत. अण्णांनी त्यांना स्वयंपाकघरापर्यंत येऊ दिले. त्यांच्या मनात अमेरिकन बेनी गुडमन ठाण मांडून होता. गुडमन क्लॅरिनेट वाजवायचा, हे मला मास्तरांनंतरच महत्त्वाचे वाटू लागले.

हे सगळे एकट्याचे काम नव्हते. मुंबईच्या हॉटेलांतून जाझ वाजवणारे गोव्याचे वादक तेव्हा स्टुडिओंकडे वळत होते. १९४९चा दारूबंदीचा कायदा झाल्यावर तर हॉटेलांतली रात्रीची रोजीरोटी आटत गेली आणि त्यांची पावले अधिकच इकडे वळली. ही मंडळी गावच्या चर्चशाळेत लहानपणीच पाश्चात्त्य स्वरलिपी शिकलेली. समोर कागद ठेवला की पन्नास जण एका श्वासात वाजवणार. आपल्या संगीतकारांचा कारभार तोंडी. ते पेटीवर चाल सांगणार. या दोघांच्या मध्ये बसून सरगमचे टिंबांत रूपांतर करणारा माणूस लागे. अण्णांच्या जवळ असा एक माणूस होता, आंतोनियो शाव्हियर वाझ. हळदोण्याचा हा ट्रम्पेटवाला मुंबईत चिक चॉकलेट या नावाने प्रसिद्ध होता आणि लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. १९५१च्या 'अलबेला'त तो आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतो. पुढच्या वेळी चित्रपट पाहाल तेव्हा नायक-नायिकेच्या मागे बघा.

'अलबेला'च्या गाण्यांना आज आपण अल्बम म्हणू. तेव्हा तसे काही नव्हते. ७८ वेगाच्या तबकड्या होत्या, एका बाजूला सव्वातीन मिनिटांचे एक गाणे. राजेंद्र कृष्णांनी गाणी लिहिली, आणि लता मंगेशकर व स्वतः चितळकर यांनी बहुतेक गायिली. बोंगो, ओबो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन यांचा तो दंगा तरुणांनी डोक्यावर घेतला आणि वडीलधाऱ्यांनी कपाळाला हात लावला. परदेशी चाली उचलतात, असा आक्षेप आला आणि तो अगदीच खोटा नव्हता. १९५०च्या 'समाधी'तले गाजलेले द्वंद्वगीत लॅटिन अमेरिकन चालीवर बेतलेले होते, हे लपवण्यात अर्थ नाही. पण त्याच 'अलबेला'त एक अंगाईही आहे. पिलूच्या अंगाची, आवाज न करता दार लोटून येणारी. दंगा आणि अंगाई एकाच चित्रपटात, एकाच माणसाची, बहुधा त्याच वादकांकडून वाजवून घेतलेली. निवाडा देणाऱ्यांनी दंगा तेवढा हिशेबात धरला. त्यांत मीही होतो.

१९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. पुण्यात जन्मलेला, शास्त्रीय संगीतावर मनापासून प्रेम असलेला हा माणूस. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी काय केले? सुई सिलोनकडे फिरवली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. पुढे १९५७च्या ऑक्टोबरात विविध भारती सुरू करून सरकारनेच दार पुन्हा किलकिले केले. मराठवाडा तेव्हा नुकता निजामाच्या राज्यातून सुटलेला. मास्तर सांगत की, बदनापुरात ज्या घरी रेडिओ होता त्या घराच्या भिंतीला टेकून ते नवी चाल कानात साठवत आणि दुसऱ्या दिवशी बँडमध्ये बसवत. स्वरलिपी त्यांना येत नव्हती. कान हीच वही.

आणि मग १९५३चा 'अनारकली'. आधी हे काम वसंत प्रकाश यांच्याकडे होते. त्यांचे एक गाणे चित्रपटात आहेही. पुढे काम अण्णांकडे आले आणि ज्यांना बोंगोवाला म्हणून मोडीत काढले होते त्यांनी भीमपलासी आणि बागेश्री अशी काही मांडली की, टीकाकारांना तोंड लपवावे लागले. आमच्या घरात, मी शाळेत असताना, रेडिओवर 'अनारकली'चे गाणे लागले की वडील पेपर खाली ठेवत. 'अलबेला' लागला की बटण बंद. दोन्हींचा कर्ता एकच, हे त्यांना माहीत होते. पण त्यांच्या लेखी अण्णा वाया गेले होते आणि 'अनारकली'पुरते सुधारले होते. माझे मत मी तिथूनच, न तपासता, उचलले होते.

अण्णा मात्र सुधारायला तयार नव्हते. १९५५च्या 'आझाद'ची गाणी त्यांनी फार थोड्या वेळात बांधली. १९५७च्या 'आशा'त त्यांनी निरर्थक शब्दांचे ते प्रसिद्ध गाणे दिले, 'ईना मीना डीका'. त्याचे एक रूप किशोरकुमारांचे, एक आशाबाईंचे. अर्थ शोधणाऱ्याने शोधत बसावे! रॉक अँड रोल आपल्याकडे ऐटीत आला तो त्या गाण्यातून. आणि दोनच वर्षांनी शांतारामबापूंच्या 'नवरंग'साठी पुन्हा पखवाज, होळी, घुंगरू.

साठीच्या दशकात मात्र एक विचित्र गोष्ट झाली. बोंगो, सॅक्सोफोन, गिटार सगळ्यांचेच झाले. जे करण्याबद्दल अण्णांनी शिव्या खाल्ल्या ते करणारे नवे संगीतकार पुढे आले आणि अण्णांकडे चित्रपट येईनासे झाले. लताबाईंशीही काही वर्षांचा दुरावा होता. तशातच चीनच्या युद्धानंतर, २७ जानेवारी १९६३ रोजी, दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर नेहरूंसमोर लताबाईंनी कवी प्रदीपांचे ते शहिदांचे गाणे गायिले. चाल अण्णांची. त्याची सुरुवात आठवून पाहा. ताल नाही, वाद्यांची गर्दी नाही, आवाज एकटाच उभा. ठेक्यासाठी ज्याला बोल लावले गेले, त्या माणसाला ठेका कुठे नको हेही ठाऊक होते.

मराठीकडे ते उशिरा वळले. १९६६चा 'धनंजय', १९७०चे 'घरकुल'. 'घरकुल'मधले पप्पांचे गाणे ज्यांच्या बालपणी वाजले नाही असे मराठी घर शोधावे लागेल. त्याचा संगीतकार कोण, हे विचारले तर किती जण सांगतील? माडगूळकरांच्या 'गीतगोपाल'ला त्यांनी चाली दिल्या. १९७७ साली 'माझ्या जीवनाची सरगम' हे आत्मचरित्र आले. ५ जानेवारी १९८२ रोजी, चौसष्टावा वाढदिवस आठवड्यावर असताना, मुंबईत त्यांचे निधन झाले.

ओट्यावरच्या त्या संध्याकाळनंतर दुसऱ्याच दिवशी मी मास्तरांचा अर्ज शिफारशीसह वर पाठवला. मंजुरी आली तोवर दिवाळी उलटली होती. मास्तरांनी तुळशीच्या लग्नानंतरच्या सुपाऱ्या हातच्या जाऊ नयेत म्हणून आधीच सावकाराकडून पैसे उचलून कीबोर्ड आणला होता. बँकेच्या पैशातून त्यांनी सावकाराचे मुद्दल फेडले. वरचे व्याज त्यांच्या अंगावर पडले. ते दीड महिन्याच्या माझ्या रसिकतेचे होते. मास्तरांनी ते कधी बोलून दाखवले नाही. हप्ते वेळेवर भरले.

कीबोर्ड मुलाच्या हाती गेला, वरातीत तो दणक्यात वाजे. त्या हिवाळ्यात मी त्यांच्या घरी गेलो असता, अण्णा गेले त्या दिवसाची हकिगत त्यांनी सांगितली. पौष महिना, लग्ने नाहीत. वाद्ये तेल लावून, फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलेली. रेडिओवर बातमी लागली. मास्तरांनी शिडी लावून क्लॅरिनेट खाली काढला आणि दारात बसून 'अलबेला'तली अंगाई वाजवली. आवाज ऐकून गल्लीतली पोरे धावत आली. पौषात वरात कशी, म्हणून बघू लागली. अंगाई संपल्यावर त्यांनी ते दुसरे, नाचायचे गाणे मागितले. मास्तरांनी तेही वाजवले.