चार पट्ट्यांची चांदणी आणि केजीचा जनक

आपल्या हॉस्टेलमध्ये वेगवेगळ्या जिल्ह्यांतून, वेगवेगळ्या बोर्डांतून आलेली मुलंमुली आहेत. कुणी मराठी मीडियम, कुणी माझ्यासारखी कॉन्व्हेंटवाली. पण एक यत्ता आपल्यापैकी बहुतेकांनी केली आहे. ज्युनियर केजी, सीनियर केजी! नाहीतर बालवाडी किंवा अंगणवाडी. केजी म्हणजे किंडरगार्टन, एवढं आपल्याला ठाऊक असतं. पण हा शब्द कुणी काढला, कशासाठी काढला आणि त्या माणसाचं पुढे काय झालं, याची चौकशी आपण करत नाही. मीसुद्धा केली नसती. पण नाताळात आमच्या निर्मळला जी कागदाची चांदणी करतात, तिच्या एका परदेशी बहिणीने मला या माणसापर्यंत नेलं.

वसई तालुक्यातलं आमचं निर्मळ गाव तुमच्यापैकी काहींना कार्तिकातल्या यात्रेमुळे माहीत असेल. एकीकडे शंकराचार्यांचं मंदिर आणि तळं, दुसरीकडे होली क्रॉस चर्च. डिसेंबर लागला की आमच्याकडे घरोघर गोठ्याची तयारी सुरू होते. बांबूच्या कामट्या बांधून, त्यावर पतंगाचा कागद चिकटवून मोठी चांदणी करायची आणि दारात टांगायची. घरात लावायला मात्र घडीच्या लहान चांदण्या. त्यांत एक प्रकार असा, की ज्याला गोंद लागत नाही, स्टेपलर लागत नाही, दोरासुद्धा फक्त टांगण्यापुरता. कागदाच्या चार पट्ट्या एकमेकींत विणायच्या आणि दुमडत जायचं, की सोळा टोकांची चांदणी तयार! जर्मनीत हिला फ्रोबेलची चांदणी म्हणतात. चांदणी त्याने स्वतः शोधलेली नाही. पण लहान मुलांच्या हातात घडीचा कागद देऊन त्याला शिक्षणात मानाची जागा ज्याने दिली, त्याचं नाव लोकांनी तिला दिलं. तोच केजीचा जनक, फ्रेडरिक फ्रोबेल.

फ्रोबेलचा जन्म २१ एप्रिल १७८२ चा, जर्मनीतल्या थुरिंजिया भागात ओबरवाइसबाख नावाच्या खेड्यात. वडील पाद्री होते. पोर वर्षाचंही झालं नव्हतं तोच आई गेली. वडील चर्चच्या कामात बुडालेले. सावत्र आई आली, पण तिला स्वतःचं मूल झाल्यावर हा मुलगा घरातच परका झाला. मग त्याने सोबत शोधली ती बागेत आणि आजूबाजूच्या डोंगरात. दहा वर्षांचा असताना मामा त्याला आपल्या घरी घेऊन गेले, तेव्हा कुठे त्याला मायेचे चार दिवस दिसले. ज्याला स्वतःला बालपण मिळालं नाही त्यानेच पुढे जगाला बालपण काय असतं ते शिकवलं, हे मला त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं नवल वाटतं.

पंधराव्या वर्षी त्याला एका वनाधिकाऱ्याच्या हाताखाली उमेदवारीला ठेवलं. दोन वर्षं झाडं आणि जमिनीची मोजणी यांत गेली. मग १७९९ साली तो येना विद्यापीठात दाखल झाला. इथे आपल्या केटीवाल्या मित्रांनी लक्ष द्यावं! त्याचे पैसे संपले, उधारी झाली आणि कर्ज फेडता आलं नाही म्हणून त्याला विद्यापीठाच्या कोठडीत नऊ आठवडे काढावे लागले. डिग्री न घेताच तो घरी परतला. पुढची काही वर्षं कुठे कारकुनी, कुठे सर्व्हेचं काम, कुठे जमीनदाराकडे हिशेब असं चाललं. आजच्या भाषेत, बायोडाटा अगदीच विस्कळीत!

१८०५ साली तो आर्किटेक्ट व्हायचं ठरवून फ्रँकफर्टला गेला. तिथे ग्रूनर नावाच्या हेडमास्तरांशी गाठ पडली आणि त्यांनी त्याला आपल्या शाळेत शिकवायला बोलावलं. वर्गात उभा राहिल्यावर फ्रोबेलला कळलं की आपली जागा हीच. घरं बांधायला निघालेला माणूस मुलं घडवायला लागला. त्याच वर्षी तो स्वित्झर्लंडमध्ये इव्हर्डनला जाऊन पेस्टालॉत्सी या थोर शिक्षकाची शाळा पाहून आला आणि १८०८ ते १८१० अशी दोन वर्षं आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन तिथेच राहिला. मुलाने आधी वस्तू हाताळावी, पाहावी आणि मग शब्द शिकावा, ही पेस्टालॉत्सीची पद्धत त्याला पटली. पण शाळेच्या वयाआधीच्या मुलांचं काय, हा प्रश्न त्याच्या मनात राहिला.

आता आपल्या इंजिनिअरिंगशी जोडलेला भाग. फर्स्ट इयरच्या फिजिक्समध्ये आपण क्रिस्टल्स आणि मिलर इंडायसेस शिकतो. मिलरच्या आधी स्फटिकांच्या पृष्ठभागांचं गणित मांडणारे बर्लिनचे प्रोफेसर वाइस. फ्रोबेल त्यांचा विद्यार्थी. नेपोलियनविरुद्धच्या लढाईत १८१३ साली तो स्वयंसेवक सैनिक म्हणून गेला आणि परत आल्यावर वाइस यांच्या हाताखाली खनिजांच्या म्युझियममध्ये नोकरीला लागला. दिवसभर स्फटिक लावायचे, पाहायचे. एका साध्या घनापासून केवढे आकार निघतात आणि तरी त्यांत नियम कसा असतो, हे त्याने तिथे पाहिलं. पुढे त्याने मुलांसाठी जी खेळणी केली, त्यांत मला हे म्युझियम स्पष्ट दिसतं.

ती खेळणी म्हणजे त्याच्या प्रसिद्ध देणग्या. पहिल्या देणगीत लोकरीचे सहा रंगीत चेंडू. दुसरीत लाकडाचा गोल, सिलिंडर आणि घन. तिसरीत तोच घन, पण आठ लहान घनांत कापलेला. आपल्या ड्रॉइंग हॉलमधलं सॉलिड्सचं चॅप्टर तीन वर्षांच्या मुलाच्या हातात! त्यापुढे हस्तव्यवसाय : विणणं, टोचणं, कातरणं, मातीकाम आणि कागदाच्या घड्या. चौकोनी कागदापासून सुरुवात करून मूल आधी ओळखीच्या वस्तू करतं, मग चांदण्या-फुलांसारख्या सुंदर आकृत्या करतं आणि त्याच घड्यांतून त्याला अर्धा, पाव, काटकोन, कर्ण कळतात. एकाच कागदात खेळ, सौंदर्य आणि गणित.

पण हे सगळं एका दिवसात झालं नाही. १८१३ साली त्याचा भाऊ टायफसने वारला, मागे तीन मुलं. त्यांच्या शिक्षणासाठी फ्रोबेलने म्युझियमची नोकरी सोडली आणि १८१६ साली पाच पुतण्यांची शाळा काढली. दुसऱ्या वर्षी ती काइलहाउ गावी नेली. लढाईतले दोन मित्र, मिडेनडॉर्फ आणि लांगेथाल, शिक्षक म्हणून येऊन मिळाले. १८१८ साली त्याने विल्हेल्मिने हॉफमाइस्टर हिच्याशी लग्न केलं. १८२६ साली मानवाच्या शिक्षणावरचं त्याचं मोठं पुस्तक निघालं. पण सरकारला या शाळेत क्रांतीचा वास आला. इन्स्पेक्टर पाठवले, त्यांनी अहवाल चांगला दिला, तरी आईबाप घाबरले ते घाबरलेच. मुलं कमी होत गेली. पुढे तो स्वित्झर्लंडमध्ये काही वर्षं काम करून आला.

१८३७ साली तो बाड ब्लांकेनबुर्गला आला आणि लहान मुलांसाठी खेळ आणि उद्योगाची संस्था काढली. १८३९ साली पत्नी वारली, तरी काम थांबलं नाही. संस्थेला नाव सापडत नव्हतं. १८४० साली डोंगरातून फिरताना त्याला एकदम नाव सुचलं, अशी आठवण सांगतात. किंडर म्हणजे मुलं, गार्टन म्हणजे बाग. मुलांची बाग! मूल हे रोपटं आणि शिक्षक हा माळी. माळी रोपाला ओढून मोठं करत नाही. तो पाणी घालतो, ऊन बघतो आणि वाट पाहतो. २८ जून १८४० रोजी या बागेची रीतसर स्थापना झाली. त्या वेळी फ्रोबेल अठ्ठावन्न वर्षांचा होता. म्हणजे जगभर ज्या कामाने तो ओळखला जातो, ते त्याने रिटायरमेंटच्या वयात सुरू केलं. या कामासाठी तरुण मुलींना ट्रेनिंग द्यायलाही त्याने सुरुवात केली. त्या काळी बाईमाणसाला घराबाहेर शिक्षिकेचा मान मिळणं ही लहान गोष्ट नव्हती.

आणि मग घाव बसला. ७ ऑगस्ट १८५१ रोजी प्रशियाच्या सरकारने आपल्या राज्यात किंडरगार्टनवर बंदी घातली. कारण दिलं, की यातून नास्तिकपणा आणि समाजवाद पसरतो. खरं तर शिक्षणावर अशी मतं मांडणारा फ्रोबेल दुसराच, याचा पुतण्या कार्ल! सरकारने काका-पुतण्याची गल्लत केली. फ्रोबेलने खुलासे पाठवले, पण हुकूम बदलला नाही. आयुष्यभर मुलांना देवाच्या सृष्टीतली एकता दाखवणाऱ्या पाद्र्याच्या मुलावर नास्तिकपणाचा शिक्का. त्याच वर्षी त्याने आपली शिष्या लुइसे लेविन हिच्याशी दुसरं लग्न केलं होतं. पुढच्याच वर्षी, २१ जून १८५२ रोजी, सत्तराव्या वर्षी तो मारियनथालला गेला. बंदी तशीच होती. ती उठली १८६० साली, त्याच्या अनुयायांच्या, विशेषतः बेर्टा फॉन मारेनहोल्ट्स-ब्यूलो या बाईंच्या चिकाटीमुळे. श्वाइना गावात त्याच्या थडग्यावर घन, सिलिंडर आणि गोल एकावर एक उभे आहेत. दुसरी देणगी!

बंदी एका राज्यात होती, बिया मात्र बाहेर पडल्या होत्या. १८५६ साली अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या वॉटरटाउनला मार्गारेटे शुर्त्स यांनी जर्मन मुलांसाठी किंडरगार्टन काढलं. १८७६ साली टोकियोत सुरू झालं आणि तिथल्या जुन्या घडीकलेत फ्रोबेलच्या घड्या मिसळल्या. त्याच साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात एका आईने या देणग्या पाहिल्या आणि आपल्या मुलासाठी घेतल्या. तो मुलगा पुढे फ्रँक लॉइड राइट नावाचा जगप्रसिद्ध आर्किटेक्ट झाला. आर्किटेक्ट व्हायला निघालेल्या फ्रोबेलचं राहून गेलेलं काम असं पुरं झालं म्हणायचं! आपल्या देशात मद्रासच्या टी. सुंदर राव यांनी किंडरगार्टनच्या घडीकामावरून सुचून कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारं इंग्रजी पुस्तक १८९३ साली काढलं. त्याची अमेरिकेत आवृत्ती निघाली.

आणि आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे ताराबाई मोडक (१८९२–१९७३). आज आमचं निर्मळ ज्या पालघर जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातल्या बोर्डीला त्यांनी १९४५ साली बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे अनुताई वाघांबरोबर ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. ताराबाईंची वाट मॉंटेसरीची. पण महागडी साधनं आदिवासी पाड्यावर कुठून आणणार? म्हणून त्यांनी शंख-शिंपले, बिया, पानं हीच साधनं केली. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, ही अंगणवाडीची कल्पना त्यांचीच. मुलांची बाग आपल्या मातीत लावायची तर खतही इथलंच हवं, हे त्यांनी ओळखलं.

फ्रोबेलच्या पद्धतीवर टीकाही झाली आणि ती मला महत्त्वाची वाटते. त्याच्यामागून आलेल्या अनेक शाळांत घडीकामाची कवायत झाली. बाईंनी सांगायचं, पन्नास मुलांनी एकदम तीच घडी घालायची. खेळ गेला, नुसता हुकूम राहिला. हॉस्टेलमधल्या वाचकांना हे चित्र ओळखीचं वाटेल. जीटी मारलेली शीट दिसायला अगदी बरोबर असते, पण ती काढताना ऑब्जेक्ट डोळ्यांसमोर फिरत नाही. हाताने केलं की डोक्यात जातं हे खरं, पण हात दुसऱ्याच्या रेघेवरून चालला तर डोकं झोपलेलंच राहतं.

म्हणून शेवटी प्रॅक्टिकल! सबमिशननंतर उरलेले ए-फोर कागद घ्या. लांबीच्या दिशेने एक सेंटिमीटर रुंदीच्या चार पट्ट्या कापा. लांबी जवळजवळ तीस सेंटिमीटर भरते. रुंदीच्या तिसेक पट लांबी चांदणीला छान पुरते. प्रत्येक पट्टी मधोमध दुमडा आणि टोकं तिरपी कापा. आता प्रत्येक पट्टीची दोन टोकं शेजारणीच्या घडीत घाला. शेवटची पट्टी पहिलीत अडकवली आणि हळूहळू ओढलं, की मध्ये विणलेला चौकोन बसतो आणि चारी बाजूंना दोन-दोन अशी आठ टोकं निघतात. वरच्या थरातली चार टोकं एकामागून एक मधल्या चौकोनावर उलटवा, चौथं पहिल्याखाली खोचा. मग प्रत्येक पट्टीची त्रिकोणी घडी घालून शेपूट शेजारच्या चौकोनाखाली सरकवा. चार या बाजूला, चार पालथं करून. झाली आठ सपाट टोकं. आता त्याच शेपट्या वळवून पुन्हा चौकोनाखाली खोचा, की शंकूसारखी उभी टोकं येतात, दोन्ही बाजूंना चार-चार. उरलेला कागद कापून टाका. आठ आणि आठ सोळा!

पहिली चांदणी वाकडी होईल, होऊ द्या. बाजारात एलईडीच्या तयार प्लॅस्टिक चांदण्या आहेत, आमच्या निर्मळलाही पुष्कळ दिसतात, आणि त्या चमकतातही जास्त. पण त्यांतली एकही उलगडून बघता येत नाही. कागदाची चांदणी उलगडली की पुन्हा चार पट्ट्या हातात येतात आणि कुठली घडी कुठून आली ते कळतं. या डिसेंबरात कॉमन रूमच्या खिडकीत अशा चांदण्या लावू या. मेसच्या काकांच्या लहान मुलांनाही बोलावू. फक्त एक पथ्य पाळायचं : त्यांच्या हातातली पट्टी ओढून घेऊन आपण दुमडायची नाही. माळ्याने वाट पाहायची असते.