जंगलाला कुलूपही नको, मोकळं रानही नको

शेतकरी बंधूंनो, गावाला वन खात्याची हद्द लागून असली की चराईवरून खटके उडतात, हे तुम्हाला सांगायला नको. अमेरिकेतही शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हेच भांडण पेटलं होतं. ते अंगावर घेणारे अधिकारी म्हणजे गिफर्ड पिंशो.

त्यांचा जन्म १८६५ चा. आजोबांनी जंगलं तोडूनच पैसा केला. नातवानं उलटी वाट धरली. त्या काळी अमेरिकेत वनशास्त्राची शाळा नव्हती, म्हणून ते फ्रान्समध्ये नान्सीला शिकले. त्यांना मार्ग दाखवणारे ब्रँडिस साहेब म्हणजे १८६४ साली नेमलेले आपल्या हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक!

१९०५ मध्ये सरकारी जंगलं नव्या वनसेवेकडे आली आणि पिंशो तिचे पहिले प्रमुख झाले. त्यांचा हिशेब तुमच्या-आमच्यासारखाच होता. तयार झाड तोडा, पण कोवळं राखा. डोंगरमाथा उघडा पडला तर खालचा ओढा आटतो, तेव्हा तिथली झाडी सांभाळा. १९०६ पासून त्यांनी चराईला परवाना आणि फी लावली. पशुपालक खवळले. १९०७ साली सहा राज्यांत नवी राखीव वनं करायला संसदेनं मनाई केली. पण त्या कायद्यावर सही होण्याआधीच पिंशो यांच्या माणसांनी रात्रंदिवस नकाशे तयार केले आणि राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी १ कोटी ६० लाख एकर राखीव करून टाकले. १९०८ च्या कायद्यानं जंगलाच्या उत्पन्नातला २५ टक्के वाटा स्थानिक शाळा-रस्त्यांना मिळू लागला.

अलास्कातल्या कोळशाच्या जमिनींवरून पिंशो मंत्र्यांशी उघड भांडले, तेव्हा १९१० मध्ये राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी त्यांना काढून टाकलं. चराई फी मात्र पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात टिकली.

चुका त्यांच्याही झाल्या. ही जंगलं मुळात तिथल्या आदिवासींच्या भूमीवरची, पण निर्णयात आदिवासींना जागा नव्हती. योसेमिटीतल्या एका सुंदर खोऱ्यात धरण बांधायला त्यांनी पाठिंबा दिला आणि जॉन म्यूर यांच्यासारखा जुना स्नेही दुरावला. पिंशो १९४६ मध्ये वारले. लाकूड, चराई आणि पाणी यांच्या जोडीला वन्यजीव आणि लोकांचं फिरणं-विसावणं यांचाही विचार झाला पाहिजे, हे १९६० च्या कायद्यानं स्पष्ट केलं.

सरपंच, ग्रामसेवक मंडळी, पुढच्या ग्रामसभेत जंगलाचा विषय निघाला, तर तोडायचं की राखायचं एवढ्यावरच थांबू नका. किती, केव्हा, कोणासाठी, आणि गावाच्या पदरात काय, हेही विचारा.