आधी स्वतः घेतली लस
आगरदांड्याला लसीकरणासाठी गेलो की लोक हमखास विचारतात, डॉक्टरांनी स्वतः घेतली का? प्रश्न रास्त आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. जीवाणुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात तीनेक महिन्यांत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतः टोचून घेतली. मग भायखळा तुरुंगातील कैदी स्वेच्छेने पुढे आले.

१९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल येथे लशीनंतर धनुर्वाताने १९ जण दगावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला. १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचे नाव मिळाले.

कोणत्याही विभागप्रमुखाने यातून दोन गोष्टी घ्याव्यात: धोका आधी आपण पत्करावा आणि हाताखालच्या माणसाला दोष देण्याआधी तपास पूर्ण करावा.