वेलीला वळण लावणारा डॉक्टर

सोडून दिलेली द्राक्षबाग तुम्ही पाहिली असेलच. भाव पडला, कर्ज थकले, नाहीतर भावाभावांच्या वाटणीत दोन वर्षे बागेला कात्रीच लागली नाही. वेली एकमेकींत गुंतलेल्या, तारा दिसत नाहीत, वर नुसता पाला आणि खाली अंधार. घड शोधावा लागतो, आणि सापडलाच तर पार टोकाला. अशा बागेच्या बांधावर उभे राहिले की दोन सल्ले हमखास मिळतात. एक जण म्हणतो, उपटून टाका. दुसरा म्हणतो, बुडापासून उडवा, येईल आपोआप. या दोन्हींच्या मधली एक वाट आहे. ती ज्याच्या नावाने जगभर ओळखली जाते तो माणूस ना शेतकी खात्यातला होता, ना कुठल्या शेतकी कॉलेजातला. तो माणसांचा डॉक्टर होता. त्याचे नाव ज्यूल गुयो.

गुयोचा जन्म १८०७ सालचा, फ्रान्समधल्या शँपेन भागातल्या एका खेड्यातला. सेन नदीच्या काठचे हे गाव द्राक्षवेलींचेच. पण पोरगा शिकायला पॅरिसला गेला आणि डॉक्टर झाला. डोके मात्र एका जागी बसणारे नव्हते. जखमेला ठरावीक ऊब दिली तर ती लवकर भरते का, यावर त्याने प्रयोग केले आणि १८४० साली पुस्तक लिहिले. त्या वेळी फ्रान्समध्ये टेकड्यांवरच्या मनोऱ्यांवरून लाकडी हात हलवून सरकारी निरोप पाठवत. ही तारयंत्रणा रात्री बंद पडे. दिवे लावून ती रात्रीही चालवायची, असे गुयोने मनावर घेतले. सरकारने त्याची चाचणीही घेतली. पण तेवढ्यात विजेची तार आली आणि मनोऱ्यांसकट सगळे अडगळीत गेले. एवढी वर्षे घातलेला माणूस खचला असता. हा गडी वयाच्या पंचेचाळिशीच्या पुढे द्राक्षबागेकडे वळला.

तो काळ कसा होता ते बघा. फ्रान्सच्या बागांवर तेव्हा भुरी आली होती. आज आपल्याला भुरी म्हटले की गंधक आठवते, तेव्हा कुणाला काही ठाऊक नव्हते. १८५४ साली त्या देशाचे वाइनचे उत्पादन नेहमीच्या चौथाईच्या आसपास घसरले. पुढे गंधकाची धुरळणी सापडली आणि बागा सावरल्या. याच सुमारास शँपेनमधल्या जॅकसाँ नावाच्या वाइनच्या पेढीने सिलेरी गावची आपली बाग गुयोच्या हाती दिली.

तिथल्या बागांची रीत आपल्याला चमत्कारिक वाटेल. ओळ नावाची गोष्टच नव्हती. वेल म्हातारी झाली की तिची काडी वाकवून मातीत दाबायची, तिला मुळ्या फुटल्या की झाली नवी वेल. आपण दाब कलम करतो तसेच, पण बागेभर आणि वर्षानुवर्षे. त्यामुळे वेली वाट्टेल तिकडे सरकत जात. हेक्टरी तीस-चाळीस हजार बुडखे, कुठे त्याहूनही जास्त, आणि प्रत्येकाला एक लाकडी काठी. मधून बैल जाणार नाही, नांगर जाणार नाही. सगळी मशागत माणसाच्या कमरेवर.

गुयोने सिलेरीला वेली ओळीत लावल्या. वेलीत साधारण मीटरभर अंतर, ओळीत मीटरभर, म्हणजे हेक्टरी दहा हजारांच्या घरात. खाली बुटकी तार. वसंतातल्या थंडीच्या कडाक्यात कोवळी फूट जळते म्हणून ओळींवर गवती पेंढ्याच्या चटया. पण त्याच्या कामाचा गाभा छाटणीत होता, आणि तो समजायला आधी वेलीचा स्वभाव समजला पाहिजे.

तुम्हाला हे माहीतच आहे, तरी पुन्हा सांगतो. घड जुन्या लाकडावर येत नाही. गेल्या हंगामात तयार झालेली जी काडी, तिच्या डोळ्यातून जी नवी फूट निघते, तिच्यावर घड येतो. आणि वेलीचा जोर कायम टोकाकडे. टोकाचे डोळे आधी फुटतात, बुडाकडचे झोपून राहतात. म्हणजे छाटणी न करता वेल सोडली तर दरवर्षी नवी काडी खोडापासून एक पाऊल लांब जाते. मधे राहते ते नुसते उघडे लाकूड. चार-पाच वर्षांत खोड इथे आणि फळ तिथे, अशी गत होते. वेल मेलेली नसते, पण तिच्या मुळ्यांनी ओढलेले पाणी आणि अन्न लांबलचक लाकडातून फिरत बसते.

यावर गुयोची रीत अशी. हिवाळ्यात, वेल झोपलेली असताना, दोनच गोष्टी ठेवायच्या. एक लांब काडी, आठ-दहा डोळ्यांची, तारेवर आडवी वाकवून बांधलेली. ही या वर्षीची मालकाडी. आणि तिच्या खाली, खोडाच्या जवळ, दोन डोळ्यांची एक आखूड खुंटी. या खुंटीकडून फळाची अपेक्षा नाही. तिच्यातून दोन फुटी काढायच्या, एवढेच तिचे काम. पुढच्या हिवाळ्यात फळ देऊन झालेली लांब काडी मुळापासून काढून टाकायची. खुंटीवरची वरची फूट आता काडी झालेली असते, ती मालकाडी म्हणून वाकवायची. खालची फूट दोन डोळ्यांवर कापायची, ती नवी खुंटी. पुन्हा तेच. वेल कितीही वर्षांची झाली तरी फळ खोडाजवळच राहते.

लांब काडी ठेवली की वेल थकते, असा आखूड छाटणीवाल्यांचा आक्षेप असतो. नुसती आखूड छाटणी केली तर कित्येक जातींत घडच मिळत नाही. आपल्याकडे थॉमसनची काडी बुडाशी दोन डोळ्यांवर ठेवून बघा, नुसती फूट येईल. गुयोने वेलीवर दोन्ही ठेवल्या आणि दोघींना वेगवेगळे काम दिले. एक सांगितलेच पाहिजे, की ही रीत त्याच्या डोक्यातून निघालेली नव्हती. फ्रान्सच्या काही भागांत शेतकरी आधीपासून अशी छाटणी करत होते. गुयोने ती पाहिली, तिच्यातले मर्म ओळखले, ती सोपी करून मांडली आणि गावोगाव नेली. नाव त्याचे लागले. असे होते. पण ज्या शेतकऱ्यांनी ती आधी शोधली त्यांची नावे कुठेच नाहीत, हे मला बरे वाटत नाही.

१८६० साली त्याचे द्राक्षशेती आणि वाइनवरचे पुस्तक निघाले आणि ते पॅरिसच्या मंत्रालयापर्यंत पोचले. तेव्हा तिसऱ्या नेपोलियनचे राज्य होते. शेतीमंत्र्याने गुयोला सांगितले, देशभर फिर आणि बागांची पाहणी करून अहवाल दे. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक मंडळींनी हा भाग जरा सावकाश वाचावा. १८६१ पासून १८६७ पर्यंत, म्हणजे वयाच्या ५४ पासून ६० पर्यंत, हा माणूस फिरत राहिला. द्राक्ष पिकवणारे ७० च्या वर जिल्हे. कुठली जात लावली, अंतर किती, छाटणी कशी, मजुरी काय पडते, उत्पन्न किती निघते, हे तर त्याने लिहिलेच. शिवाय या पिकावर किती कुटुंबे पोसली जातात याचाही हिशेब मांडला. बाग म्हणजे नुसते क्षेत्र आणि टन नव्हे, तिच्यावर जगणारी घरे किती, हा त्याचा नेहमीचा मुद्दा. आपल्या पीकपाहणीच्या रकान्यात ही जागा नाही.

त्याच्या स्वभावात हट्ट होता. आपली रीत सगळीकडे चालेल असे तो धरून चाले. दक्षिणेकडच्या कोरड्या, वाऱ्याच्या मुलखात शेतकरी बुटकी झुडपासारखी वेल ठेवत, तार नाही, लांब काडी नाही, आणि त्यांचे बरे चालले होते. आजही तिथे तशा बागा आहेत. प्रत्येक मुलखाची माती, पाऊस आणि जात यांना विचारूनच वेलीचे वळण ठरवावे लागते. या बाबतीत डॉक्टरपेक्षा दक्षिणेचा शेतकरी जास्त शहाणा होता, असे माझे मत आहे.

१८६८ साली त्याचा अहवाल तीन खंडांत सरकारी छापखान्यातून बाहेर पडला. त्याच वर्षी दक्षिण फ्रान्समध्ये वाळत चाललेल्या वेलींच्या मुळ्या उकरून प्लँशाँ आणि त्याच्या सोबत्यांनी एक बारीक पिवळी कीड शोधून काढली. फायलोक्सेरा. अमेरिकेतून आलेल्या रोपांबरोबर ती आली होती, १८६३ पासून बागा वाळायला लागल्याच होत्या. पुढच्या वीस-तीस वर्षांत गुयोने फिरून लिहून ठेवलेल्या बहुतेक बागा या किडीने खाल्ल्या. त्याने नोंदलेल्या कित्येक रीती आता त्याच्या तीन खंडांतच उरल्या आहेत.

हे सगळे बघायला तो राहिला नाही. १८७२ साली बर्गंडीमधल्या सॅव्हिन्यी गावी तो वारला. त्याच्याच काळात त्रॉय गावच्या बाल्ते नावाच्या रोपवाटिकावाल्यांनी एका नव्या पेअरच्या जातीला त्याचे नाव दिले होते. ते फळ युरोपच्या बाजारात अजून मिळते.

बागा पुन्हा लावायची वेळ आली तेव्हा उपाय सापडला होता तो अमेरिकन खुंटाचा. खाली अमेरिकन जंगली वेलीचे मूळ, वर फ्रेंच जातीचे कलम. आपण नाशिक-सांगलीकडे डॉगरिजवर कलम करतो, ते क्षारासाठी आणि पाण्याच्या ताणासाठी. तिथे ते किडीसाठी होते, तत्त्व एकच. आता कलमाची रोपे विकत घ्यायची, म्हणजे काडी मातीत दाबून वेल वाढवणे बंदच. दाबली तर फ्रेंच काडीलाच मुळ्या फुटणार आणि कीड ती खाणार. त्यामुळे वेली आपसूक ओळीत आल्या, तारा आल्या, मधून घोडा जाऊ लागला. आणि ओळीतल्या वेलीला बसणारी छाटणी तयारच होती. हयातीत त्याला जो विरोध झाला तो अशा रीतीने किडीने मोडून काढला.

आता आपल्या सोडलेल्या बागेकडे येऊ. फ्रान्समध्ये वर्षातून एकदा छाटणी, आपल्याकडे दोनदा. पण नीट बघितले तर आपली एप्रिलची खरड छाटणी म्हणजे गुयोची खुंटी आणि ऑक्टोबरची फळछाटणी म्हणजे त्याची लांब काडी. त्याने एका दिवशी एका वेलीवर केले ते आपण दोन हंगामांत करतो. म्हणून खरड छाटणी चुकली की पुढची काडीच नसते, आणि बाग बिघडते ती तिथून.

अशा बागेत एका दिवसात सगळे कापू नका. आधी मेलेले, वाळलेले आणि एकमेकींत अडकलेले काढा, म्हणजे खोड आणि ओलांडा दिसेल. मग खोडाच्या खालच्या अंगाला, जुन्या लाकडातून निघालेली एखादी फूट शोधा. एरवी आपण ती मोडून टाकतो. इथे तीच कामाची. जुन्या लाकडातून आलेली फूट पहिल्या वर्षी बहुधा घड देत नाही, म्हणून घाबरू नका. तिला ऊन लागू द्या, बांधा, पक्व होऊ द्या. पुढच्या वर्षी तीच नवा ओलांडा किंवा नवे खोड होते आणि मग लांबलेला जुना भाग काढता येतो. तोवर जुन्यावर थोडा माल ठेवला तर हातखर्चही निघतो. ज्या वेलीला खाली फूटच नाही, तिथे जुना भाग टप्प्याटप्प्याने आखूड करून फुटीची वाट पाहावी लागते. दोन वर्षे धरून चाला.

जाड लाकूड कापताना एक गोष्ट सांभाळा, आणि ही गुयोच्या रीतीतली उणीवही आहे. मोठी जखम खोडाला अगदी चिकटून केली तर लाकूड आत वाळत जाते, रसाची वाट तुटते आणि बुरशीला दार उघडते. फ्रान्सच्या शारांत भागात पुसार नावाच्या बागायतदाराने हे ओळखून छाटणीत बदल केला. जखमा खोडाच्या वरच्या अंगालाच ठेवायच्या, खालून रसाची वाट अखंड राहू द्यायची. रने लाफों याने १९२१ साली ती रीत पुस्तकात मांडली. अलीकडे खोड वाळण्याचे रोग वाढल्यामुळे तिकडचे लोक पुन्हा त्या पुस्तकाकडे वळले आहेत. आपण निदान जाड फांदी कापताना बोटभर ठूठ ठेवावे, ते वाळल्यावर नंतर काढावे, आणि जखमेवर बोर्डो पेस्ट लावावी. कात्री एका रोगट वेलीवरून दुसरीवर नेताना पुसून घ्यावी.

कात्रीवरून आठवले. छाटणीची कात्रीही फ्रान्सचीच, १८१५ च्या सुमारास एका सरदाराने काढलेली. कोयत्याची सवय असलेले जुने शेतकरी तिला बरीच वर्षे नाके मुरडत होते. आज बर्गंडीत डिसेंबर ते मार्चपर्यंत थंडीत माणसे हीच कात्री घेऊन ओळीत वाकलेली असतात. शेजारी लोखंडी पिंपाची हातगाडी, तिच्यात कापलेल्या काड्या पेटवलेल्या, हात शेकायला. छाटणी कुठली करताय विचारले तर ते एकच शब्द सांगतात, गुयो. एका काडीची, नाहीतर दोन काड्यांची.